मांजरातलं खोकं

आई-वडील आणि शाळेतले गुरुजी सोडले, तर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार जूचंद्रच्या मथुराकाकी भोईर यांचे आहेत. हे वाक्य मी एकदा त्यांच्यासमोर बोलूनही दाखवलं होतं. त्या तेव्हा सुकट निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उपकार आसतील तर ते घेऊन जा बाबा. हितं ठेवू नको, गोडाऊन फुल हाय."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी करमाळ्याहून बी.कॉम. होऊन आलो होतो. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील गवंडीकाम करायचे. त्यांनी आयुष्यात दोन-तीन शाळा बांधल्या, पण त्यांत बसले मात्र नाहीत. विरारला फुलपाड्यात मावसभावाकडे माझी राहायची सोय झाली आणि मुंबईतल्या एका भांड्यांच्या कंपनीत स्टोअर क्लार्क म्हणून नोकरी लागली. कंपनी कुकर, तवे आणि कढया बनवायची.

नोकरीत जरा स्थिरावतो तोच साहेबलोकांनी ठरवलं, की यापुढे कंपनीने फक्त माल बनवायचा. तो ठेवायचा, ऑर्डर आली की काढायचा, टेम्पोत भरायचा आणि दुकानदाराच्या दारात पोचवायचा, हा सगळा व्याप बाहेरच्या पार्टीला देऊन टाकायचा. मुंबईचं गोडाऊन बंद झालं. बाहेरची पार्टी निवडली गेली ती विरारच्या अलीकडे, नायगावजवळच्या जूचंद्रची. मिठागरांच्या कडेला पत्र्याची एक लांबलचक शेड होती आणि त्या शेडची मालकीण काष्टा नेसणारी, पन्नाशी ओलांडलेली एक आगरी बाई होती. दिवाळीपर्यंत काम बघायचं, पटलं तर पक्कं करायचं, नाहीतर माल भिवंडीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये न्यायचा, असं ठरलं. तोवर आपल्या मालावर नजर ठेवायला कंपनीचा एक माणूस तिथे बसणार होता. तो मी.

पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून, नेमणुकीचं पत्र हातात धरून शेडच्या दारात उभा राहिलो. आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काकी बसल्या होत्या. अंबाड्यात एका बाजूला अबोलीचा गजरा, दुसऱ्या बाजूला खोचलेली पेन्सिल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी माझं पत्र घेतलं, उलटं-सुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"कंपनीचा मानूस तूच का रं?"

"होय. माझं नाव–"

"नाव राऊ दे. जेवलास का?"

"जेवलोय."

"मंग ते खोकं जरा हिकडं ठेव."

भिंतीजवळ एक भलंमोठं खोकं होतं. वर छापलेलं, 'कुकर, सहा नग, सांभाळून उचला'. मी बाह्या सरसावल्या, पाय फाकवले, श्वास कोंडला आणि सगळा जोर लावून ते उचललं. खोकं पिसासारखं वर आलं आणि मी त्याच्यासकट मागच्या मागे उलटा झालो. पडलो ते नेमका जुन्या बारदानाच्या गादीवर. शेडमधले सगळे हमाल कामं टाकून आधीच रांगेत उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

खोकं रिकामं होतं, पण चिकटपट्टी लावून अगदी कोऱ्या मालासारखं बंद केलेलं. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला काकी ते उचलायला लावायच्या. मागे बारदान त्या स्वतः पसरून ठेवायच्या, रोज झटकून. त्यांचा नियम होता, "पाडायचा, पन मोडायचा नाय."

मी कपडे झटकत उठलो. त्या डोळे पुसत म्हणाल्या, "ए कंपनी, आता ध्यानात ठेव. कवा पन काय पन उचलायच्या आधी हलवून बग."

त्या दिवसापासून माझं नाव कंपनी पडलं. "कंपनी, चा घे." "कंपनी, तुजे पाय भिजलेत, चपला काढ." माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, कोण जाणे.

उचलायच्या आधी हलवून बघायचं, हे त्यांचं सगळ्याच बाबतींतलं धोरण होतं. मुलगी बघायला जायचं असो, पुढाऱ्याने मत मागायला येणं असो, की पापलेट ताजं असल्याचं कोळणीने शपथेवर सांगणं असो. "हलवून बग," एवढाच सल्ला. त्यांच्या शेजारणीने मला जावई करायचं मनात आणलं, तेव्हा तिलाही त्यांनी हेच सांगितलं. त्यावर त्या बाईने खरोखर माझा दंड धरून मला हलवून पाहिलं. स्थळ बारगळलं.

गोडाऊनमध्ये शिरलं की दिसायची ती रांगोळी. जूचंद्रला रांगोळी काढणाऱ्यांचं गावच म्हणतात. तिथे घरटी एक तरी माणूस असा, की बोटांतून पांढरी पूड सोडली की माणसाचा चेहरा जमिनीवर उमटावा. काकींचा हात तेवढा बारीक नव्हता, पण भरघोस होता. कुठला माल कुठे ठेवायचा, हे त्या रोज सकाळी शेडच्या फरशीवर रांगोळीने आखायच्या. कुकर कमळात, तवे माशात, कढया मोरात. हमालांपैकी फार जण वाचणारे नव्हते. त्यामुळे मी फॅक्सवरची ऑर्डर वाचून दाखवायचो आणि काकी ती शेडच्या भाषेत फिरवून ओरडायच्या, "मोरातनं दोन, माशातनं चार, कमलातनं लई काढा रे, पालघरवाल्यांना कुकरची हौस आलीय!"

दोन मालांमधली वाट नेहमी मोकळी असायची. रांगोळीवर पाय द्यायला कोण धजणार? कुणी गडबडीत खोकं वाटेत टेकवलंच, तर दुसरा लगेच म्हणायचा, "अरे, मोराच्या पिसाऱ्यावर ठेवलंस."

आणि अगदी कोपऱ्यात, बारदानाच्या पुढे, एक मांजर काढलेलं असायचं. शेपटी गुंडाळून बसलेलं, एक डोळा मिटलेला. रिकामं खोकं त्या मांजरात राहायचं. मांजरातलं खोकं गाडीत भरायचं नाही, हे सांगावं लागत नसे.

कंपनीच्या कागदांवर काकींचा उल्लेख 'थर्ड पार्टी' असा यायचा. मला तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारायला संकोच वाटे. एकदा त्यांनीच विचारलं, "ह्ये थड पार्टी म्हंजे मीच ना?" मी पुस्तकात वाचल्यासारखं समजावून सांगितलं, की पहिली पार्टी कंपनी, दुसरी दुकानदार आणि दोघांच्या मधली ती तिसरी.

त्या खुलल्या. "म्हंजे आमच्या लग्नातली धवलारीन! एक पार्टी नवऱ्याची, एक नवरीची, आन् मधी धवलारीन. तिना धवले गायल्याबिगर लगीन लागतंय का? माजी आय धवलारीन व्हती. आमच्या घरात थड पार्टी पहिल्यापासूनच हाय."

त्यानंतर महिन्याचा माल मोजायला बसलो, की काकी लग्नातले धवले गुणगुणायच्या. खोकी ही नवरी आणि टेम्पोवाला नवरदेव. टेम्पो सुटताना एखाद्या हमालाने रडवेला चेहरा केला, तर त्याला चहा जास्त.

पण या नकलेत त्या एक गोष्ट अगदी मनापासून मानत. दुसऱ्याचा माल म्हणजे दुसऱ्याची लेक. "आली तशी गेली पायजे. उलट थोडी बरी होऊन." त्यांच्या चुलतजावेने एकदा पोराच्या हळदीसाठी एक मोठा कुकर दोन दिवस मागितला. शेड कुकरांनी खचाखच भरलेली. काकी आत गेल्या नाहीत, घरी गेल्या आणि स्वतःच्या चुलीवरचा कुकर घासून तिच्या हातात ठेवला. पुढचे काही दिवस भोईरांकडे पातेल्यातला भात शिजला. त्यांचा मुलगा प्रमोद माझ्याकडे येऊन करवादला, "शेजारी कुकरचा डोंगर आनि आमचा भात खाली लागलेला. कंपनी, तूच सांग काय तरी आयेला!" मी काय सांगणार? मी त्याच पंगतीला बसून तोच भात खात होतो.

या प्रमोदचं म्हणणं सरळ होतं. नायगाव पूर्वेला इमारती उठायला लागल्या होत्या. एक बिल्डर शेडची जागा मागत होता, ती देऊन टाकावी. काकींनी दिवाळीची मुदत घातली होती. कंपनीचं काम पक्कं झालं, तर शेड राहील. नाही झालं, तर प्रमोद म्हणेल तिथे अंगठा. शेडची जमीन त्यांच्या सासऱ्याने खाजणाच्या दलदलीत भर घालून वर काढलेली. त्याविषयी त्या फारसं बोलत नसत. फक्त बिल्डरचा माणूस आला, की त्यालाही तेच खोकं उचलायला लावत. तो माणूस दोनदा पडला. दुसऱ्यांदा तरी त्याला कळायला हवं होतं.

कंपनीतर्फे पाहणीला कर्णिकसाहेब यायचे. टापटीप माणूस, टाय, हातात मोजायची टेप. तेही पहिल्या भेटीत बारदानावर आडवे झाले होते. तेव्हा उठून त्यांनी टाय सरळ केला आणि "मिसेस भोईर, हे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही," एवढंच म्हणाले. बोलत होते ते खरंच होतं. माणूस वाईट नव्हता; त्यांना हसायला जरा उशीर लागायचा, इतकंच. ते नायगाव स्टेशनवर पोचल्यावर एकटेच हसत होते, असं रिक्षावाल्याने नंतर सांगितलं.

दिवाळी तोंडावर आली तशी कर्णिकसाहेबांनी शेडसाठी दोन गोष्टी पाठवल्या. माल एकदम ढकलत नेणारी एक नवी हातगाडी आणि पिवळ्या ऑइलपेंटचे डबे. हेड ऑफिसच्या नियमाप्रमाणे फरशीवर पिवळ्या रेषा हव्यात. रांगोळी पुसायची, फरशी धुवायची, रेषा मारायच्या, माल परत लावायचा.

काकी रुसल्या. "माजा मोर पुसनार? पुसा. रंग सुकंपर्यंत मी काय हितं पाय ठेवनार नाय." आणि खरंच घरी जाऊन बसल्या. त्याच दिवशी मला महिन्याचा हिशेब घेऊन हेड ऑफिसला बोलावणं आलं होतं. शेड रंगाऱ्यांच्या आणि हमालांच्या ताब्यात राहिली. त्यांनी सांगितल्याबरहुकूम सगळं केलं. माल नव्या गाडीवरून ढकलत बाहेर काढला, फरशी धुतली, रेषा मारल्या, माल पुन्हा रांगेत लावला. कमळ गेलं, मासा गेला, मोर गेला. मांजरही गेलं. आणि मांजरातलं खोकं, वर स्वच्छ 'कुकर, सहा नग' लिहिलेलं, जाऊन कुकरांच्या रांगेत बसलं.

दुसऱ्या दिवशी काकी आल्या. रेषांकडे बघून म्हणाल्या, "कोनाची हलद लागली म्हनायची?" पण रुसवा अजून उतरला नव्हता, म्हणून कोपऱ्याकडे बघायचंही त्यांनी टाळलं. दिवाळीच्या ऑर्डरींची झुंबड होती. एरवी प्रत्येक खोकं हाताने उचललं जायचं. आता नव्या गाडीवर खोक्यांची चळतच्या चळत चढवायची आणि धक्क्यावरून थेट टेम्पोत सरकवायची. काम झपाट्याने उरकत होतं. उचलायचा प्रश्नच उरला नव्हता, मग हलवून कोण बघतो?

जव्हारचा टेम्पो गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी उचलला. जव्हारचे रमणशेठ. त्या बाजारपेठेतला आमचा सर्वांत मोठा दुकानदार.

"कंपनी का? खोक्यात काय पाठवलंत माहितीये? हवा!"

ते सांगत गेले. दिवाळीचा पहिला माल आला, की त्यांच्याकडे पहिल्या खोक्याला हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि शेठने ते स्वतः उचलून दुकानात न्यायचं, अशी वडिलांपासूनची पद्धत. बाजारातली चार माणसं तेव्हा मुद्दाम येतात. रमणशेठ अंगाने भारदस्त. त्यांनी खोकं उचललं आणि–

"पडलो! भर बाजारात! गिऱ्हाईक हसलं, माझा नोकर हसला, माझी बायको वरच्या खिडकीतून हसली! वर दिवाळीच्या पहिल्या खोक्यात पोकळी. सांगा, वर्ष कसं जाणार माझं? मी तुमच्या हेड ऑफिसला सांगणार, या गोडाऊनचा माल मला नको!"

मी फोन ठेवला. काकींनी माझा चेहरा पाहिला आणि नजर सावकाश कोपऱ्याकडे वळवली. बारदान होतं. पुढे काहीच नव्हतं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"जव्हारला."

"पडला?"

"पडले. पूजा करून."

क्षणभर त्यांच्या तोंडावर जे आलं ते हसू होतं, याबद्दल माझी खात्री आहे. मग ते मावळलं आणि त्या खुर्चीत बसल्या. प्रमोद दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. बिल्डरचा विषय काढायची ती वेळ नाही, एवढं त्यालाही कळत होतं.

नियमाप्रमाणे मला हेड ऑफिसला कळवायला हवं होतं. मी कागद पुढे ओढला, पण पेन चालेना. शेवटी म्हणालो, "काकी, वाहतुकीत माल गहाळ झाला असं लिहू का? असं होतं कधीकधी. सगळे लिहितात."

त्या ताडकन उठल्या. "कोनाचं मीठ खातंस रे तू?"

"कंपनीचं."

"मंग? मीठ आमी पिकवलंय, कंपनी. चार पिढ्या. मिठाचा धडा मना शिकवू नको. लिव. खोकं रिकामं गेलं. कोनी ठेवलं व्हतं? मथुरा भोईर बाईनी. कशापायी? गंमत म्हनून. लिव."

"पण काम हातचं जाईल."

"जाईल तर जाईल. टेम्पोवाल्याना गहाल केला म्हनून लिवलास तर त्या गरिबाचं काम जाईल. त्याना खोकं ठेवलं व्हतं का?"

मी लिहिलं. शब्दाला शब्द. माझ्या सबंध नोकरीत तेवढं विचित्र कारण मी दुसऱ्या कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. फॅक्स जाईपर्यंत त्या यंत्राशेजारी उभ्या राहिल्या, मी मध्येच मागे खेचीन अशी शंका असल्यासारख्या. त्यावेळी मला ते सगळं फार कठोर वाटलं. पुढे माझ्या बरोबरीचे लोक असल्या 'गहाळ' मालाच्या भरवशावर नोकऱ्या घालवून बसले, तेव्हा त्या यंत्राशेजारी कोण उभं होतं ते मला आठवत राहिलं.

मग त्या म्हणाल्या, "आता चल. जव्हारला जाऊ. पाडलाय त्याला, उठवायला नको?"

टेम्पोत एक भरलेलं खोकं चढवलं. निघण्याआधी काकींनी ते उघडून वरचा कुकर बाहेर काढला, त्यात आपल्या शेतातला नवा तांदूळ भरला, झाकण लावलं आणि खोकं पुन्हा बंद केलं. वाटेत मनोर सोडल्यावर मी विचारलं, रमणशेठना काय सांगायचं? "बगू. आधी हलवून बगते," त्या म्हणाल्या.

दुकानासमोर उतरलो तेव्हा बाजार भरलेला होता. रमणशेठ गादीवर उशीला पाठ टेकून बसले होते, कमरेला गरम पाण्याची पिशवी. रिकामं खोकं पुराव्यासारखं उंबऱ्याजवळ ठेवलेलं. त्यांनी आम्हाला 'या' म्हटलं नाही.

काकी थेट उंबऱ्याशी गेल्या. "शेठ, ह्येच का ते?"

"हेच. आता काय बघता त्यात? काही नाहीये."

"तुमी कसं उचललंत?"

"कसं म्हणजे? माणूस उचलतो तसं! वाकून, जोर लावून."

"आसं?" म्हणत काकींनी पदर खोचला. तेवढ्यात पाच-पंचवीस माणसं जमली होती. त्यांनी पाय फाकवले, श्वास कोंडला, डोळे वटारले आणि सहा कुकरांचा जोर लावून ते रिकामं खोकं उचललं. खोकं डोक्यावरून मागे गेलं आणि काकी त्याच्या पाठोपाठ दाणकन फरशीवर. गजरा एकीकडे, पेन्सिल दुसरीकडे.

बाजार आधी चपापला. मग काकी तशाच पडल्या-पडल्या म्हणाल्या, "शेठ, फिट्टमफाट झाली का अजून एकदा पडू?"

मग जो हशा उसळला, त्यात वरच्या खिडकीतला आवाज सर्वांत मोठा होता. रमणशेठ पोटाला हात धरून हसत होते आणि प्रत्येक हसण्याला "आई गं, माझी कंबर" म्हणत होते. काकींनी मग भरलेलं खोकं पुढे केलं, शेठच्या बायकोला खाली बोलावलं आणि तांदळाने भरलेला पहिला कुकर तिच्या ओटीत ठेवला. "पोकलीचा अपशकुन माज्या अंगावर घेतला. तुमचा कुकर भरलेला." चहा आला, भजी आली. निघताना मी रिकामं खोकं उचलू लागलो, तर रमणशेठ ओरडले, "ते राहू दे! भाऊबीजेला माझा मेहुणा येणार आहे."

परतीच्या वाटेवर काकी टेम्पोत एका कुशीवर बसल्या होत्या. खड्डा आला, की ओठ आवळायच्या. ते पडणं खरं होतं की सोंग, हे मी विचारलं नाही. घाट उतरल्यावर त्याच म्हणाल्या, "बारदान न्यायाला इसरले रे, कंपनी."

कर्णिकसाहेब वसुबारसेच्या दिवशी आले. हातात माझा फॅक्स. काकी लंगडत उठल्या. साहेबांनी कागद गंभीरपणे वाचून दाखवला: "कारण, गंमत." कागद घडी करून ते म्हणाले, "मिसेस भोईर, असं कारण आमच्याकडे आजवर आलेलं नाही. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी ते दोनदा वाचायला लावलं. काहींचं मत भिवंडीला जावं असंच होतं." प्रमोद भिंतीला टेकून ऐकत होता. "पण रमणशेठचाही फोन आला. म्हणाले, माल याच गोडाऊनचा पाठवा. आणि मोठे साहेब म्हणाले, रिकामं खोकं गेलं ही चूकच आहे, पण जे गोडाऊन आपली चूक स्वतःहून लिहून पाठवतं, त्याच्यावर नजर ठेवायचा खर्च कमी येईल. तेव्हा काम पक्कं. दोन अटी. पिवळ्या रेषा राहतील. रिकामं खोकं राहणार नाही."

काकींनी एक मोठा श्वास सोडला. मग म्हणाल्या, "आन् मांजर?"

"कुठलं मांजर?"

"रांगोलीचं."

कर्णिकसाहेबांनी बराच वेळ विचार केला. "मांजराविषयी नियम नाही. पण पिवळ्या रेषेच्या आत."

निघताना त्यांनी आपली बॅग उचलण्यासाठी हात पुढे केला, थांबले, आणि आधी ती हळूच हलवून पाहिली. जड लागली. उघडली तर आत मिठाची भलीमोठी पिशवी. या वेळी त्यांना हसायला स्टेशनपर्यंत जावं लागलं नाही.

शेड राहिली. प्रमोदने पुढे तिच्या शेजारी दुसरी बांधली आणि बिल्डरऐवजी तो औषधं, चपला, वह्या अशा नवनव्या कंपन्यांच्या मागे लागला. मी काही वर्षांनी तिथून निघालो. दुसऱ्यांचा माल सांभाळणं हाच ज्यांचा धंदा, अशा एका मोठ्या संस्थेत लागलो आणि चढत गेलो. कामणच्या रस्त्याला आमचं नवं गोडाऊन उभं राहिलं, ते माझ्या हाताखाली होतं. उद्घाटनाला मी करमाळ्याहून वडिलांना आणलं आणि जूचंद्रहून काकींना.

वडिलांनी भिंतीवर हात फिरवून प्लास्टर तपासलं. काकी काठी टेकत सगळीकडे फिरल्या. छतापर्यंत चढलेल्या लोखंडी मांडण्या, टुकटुक वाजणारी यंत्रं, चकचकीत फरशी, त्यावर सरळ पिवळ्या रेषा. सगळं पाहिलं. दाराशी एक खोकं होतं, ते काठीने हलवून पाहिलं. भरलेलं होतं. त्या जराशा हिरमुसल्या.

"कसं वाटलं, काकी?"

"चांगलं हाय. लई मोठं हाय. पन कंपनी, सगल्याला जागा ठेवलीस, हसायला जागा कुठं हाय?"

प्रमोदने त्यांना गाडीत बसवलं. अंबाडा पांढरा झाला होता, पण अबोली होती आणि पेन्सिलही. गाडी वळली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. माझा शिपाई हार-नारळाचं खोकं घेऊन चालला होता, त्याच्याकडे त्या मोठ्या आशेने बघत होत्या.

त्यानंतर आठवड्याभरात मी त्यांना एक पार्सल पाठवलं. सोबत हे पत्र होतं.

ती. मथुराकाकी यांस,

सा. न.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता आहे. मालाच्या दारापासून दूर, जेवणाच्या खोलीजवळच्या कोपऱ्यात पिवळ्या रेषेच्या आत मी एक मांजर काढलं आहे. माझा हात तुमच्यासारखा नाही, त्यामुळे काही लोक त्याला डुक्कर म्हणतात. त्यात एक रिकामं खोकं ठेवलं आहे. वर मोठ्या अक्षरांत 'गाडीत भरू नये' असं लिहिलं आहे, मागे बारदान आहे. कालपर्यंत तिघे पडले. त्यांतले एक आमचे मोठे साहेब होते. मोडलं कुणी नाही. माझी नोकरी अजून आहे.

माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगतो. उचलायच्या आधी हलवून बघा, आणि चूक झाली तर जशी झाली तशी लिहा. ती पोरं समजतात की हे मी कॉलेजात शिकलो. मी त्यांना दर वेळी जूचंद्रचा पत्ता सांगतो.

उपकार ठेवायला तुमच्याकडे जागा नाही, हे लक्षात आहे. म्हणून सोबतच्या खोक्यात उपकार नाहीत. रांगोळी आहे, सगळ्या रंगांची, गच्च भरलेली. खोकं मुद्दाम लहान घेतलं आहे. एका हाताने सहज उचलता येईल असं दिसतं. तुम्ही ते आधी हलवून बघितलंच असेल, तेव्हा तुमच्याबद्दल मला काळजी नाही. ते तसंच बंद करून पुन्हा उंबऱ्यावर ठेवा आणि प्रमोदला हाक मारा.

पोच म्हणून सही नको. कोण कोण पडलं, तेवढं कळवा.

तुमचा,
कंपनी